मध्यम खर्चात फुल सस्पेन्शन माउंटन बाईक: जोतिबा, पन्हाळा आणि मसाई पठारासाठी कोणती घ्यावी?

पाणंदवाला (धागाकर्ता)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी एक हार्डटेल सायकल चालवत आहे. पुढे १०० मिलिमीटर दबणारा स्प्रिंगचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा दुहेरी दांडा, आहे; मागे धक्का झेलणारे काहीच नाही. रविवारचा मार्ग ठरलेला असतो. शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत हमरस्ता, तिथून जोतिबाची चढण, मग गिरोलीच्या बाजूने डांबर सोडून मिळेल त्या पायवाटेने पन्हाळ्याकडे, आणि पायांत जीव उरला असेल तर मसाई पठार. परतीला वाघबीळचा उतार किंवा उसाच्या शेतांमधल्या पाणंदी. सुमारे ६० किलोमीटरच्या या फेरीत डांबराबाहेरचे अंतर जेमतेम २० किलोमीटर असेल, परंतु घरी आल्यावर अंग दुखते ते याच २० किलोमीटरांमुळे. जांभ्याच्या कातळावरून उतरताना मागचे चाक उधळते, ब्रेक धरूनही जमिनीवर टिकत नाही, आणि पुढचे दोन दिवस कंबर धरलेली राहते.

माझे वय ४४, उंची ५ फूट ८ इंच आणि वजन ८२ किलो आहे. उड्या मारण्याची हौस नाही. पायरीएवढ्या दगडावरून सायकल खाली सोडणे इथपर्यंतच माझी मजल जाते. हेल्मेट आणि शॉक पंप धरून दोन लाख रुपयांच्या वर जाणे शक्य नाही. ‘एकदाच घ्यायची तर मोठी घे’ असे म्हणत एका मित्राने १५० मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे चाक तेवढे वर-खाली होऊ शकणारी) सायकल सुचवली आहे. दुकानदाराने मात्र मागच्या शॉकचे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळकांड्याचे, मोठे काम निघाले तर तो बाहेरगावी पाठवावा लागेल, हे प्रामाणिकपणे आधीच सांगून टाकले. तेव्हा मागे किती ट्रॅव्हल पुरेसे आहे, बांधणी कोणती असावी आणि कोल्हापुरात राहून तिची निगा कशी राखावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रंकाळाकाठ

६० पैकी ४० किलोमीटर डांबर असताना फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) हवीच कशाला, असा माझा सरळ प्रश्न आहे. दोन लाखांत अतिशय उत्तम हार्डटेल मिळते. एअर फोर्क, चांगले हायड्रॉलिक ब्रेक आणि दोन-तीन किलो कमी वजन. त्याच पैशांत फुल सस्पेन्शन घेतल्यास मागच्या शॉकचा, लिंकेजचा (शॉकला मागच्या चाकाशी जोडणाऱ्या सांधेजोडणीचा) आणि अधिक गुंतागुंतीच्या फ्रेमचा खर्च कुठून तरी वसूल केला जातो, आणि तो बहुधा चाके, हब आणि फोर्क यांतून केला जातो. मागे २.४ इंचाचा ट्यूबलेस टायर लावून हवा कमी ठेवली, तरी अर्धे दुखणे जाईल.

पाणंदवाला

टायरचा प्रयोग करून झाला आहे. सध्याच्या फ्रेममध्ये २.२५ इंचापेक्षा रुंद टायर बसत नाही, आणि हवा आणखी उतरवली की रिम दगडावर आपटते. हार्डटेलच्या बाजूचे म्हणणे मला मान्य आहे. पण माझी कंबर आता तडजोडीला तयार नाही.

रंकाळाकाठ

मग माझा आक्षेप मागे घेतो. कंबरेपुढे वाद चालत नाही.

शाहूपुरी_४१६

बाजारात वीस-बावीस हजारांत ‘डबल शॉकअप’ सायकली मिळतात. पुढेही शॉकअप आणि मागेही शॉकअप. दोन लाख कशासाठी घालवायचे, हे प्रामाणिकपणे समजून घ्यायचे आहे.

उद्यमनगरी

शाहूपुरीकरांचा प्रश्न साधा वाटला तरी सगळ्या विषयाचे मूळ तिथेच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

स्प्रिंग धक्का गिळत नाही. ती तो काही क्षण साठवून ठेवते आणि लगेच परत करते. त्या परतीला आवर घालण्याचे काम डॅम्पर करतो. त्यात तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. डबल शॉकअप म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त सायकलींमध्ये मागे बहुतेक वेळा नुसती पोलादी स्प्रिंग असते. दगडावरून गेल्यावर ती स्वाराला खोगिरावरून उचलून टाकते, पॅडल मारताना सायकल होडीसारखी हलते, आणि वजन १८ किलोच्या आसपास जाते. अशा सायकलीपेक्षा साधी हार्डटेल केव्हाही बरी. दोन लाखांतला महत्त्वाचा भाग आपण डॅम्परसाठी आणि तो वाकडातिकडा न होता चालवणाऱ्या लिंकेजसाठी देतो.

आता बांधणी. पहिला प्रकार एका पिव्हटचा, म्हणजे फिरत्या सांध्याचा: चाक धरणारा फ्रेमचा मागचा त्रिकोण एकाच सांध्यावर फिरतो. शॉक थेट दाबला जातो किंवा मध्ये एक रॉकर (डोलणारा दुवा) असतो. बेअरिंगे कमी, निगा सोपी; मात्र मागचा ब्रेक दाबल्यावर मागचे सस्पेन्शन थोडे ताठरते. दुसरा प्रकार हॉर्स्ट लिंकचा: मागच्या एक्सलच्या थोडे पुढे, चेनस्टेवर (चेनलगतच्या खालच्या नळीवर) आणखी एक सांधा असतो, त्यामुळे ब्रेकचा परिणाम सस्पेन्शनवर कमी होतो. हॉर्स्ट लायटनर यांच्या या रचनेचे अमेरिकेतील पेटंट बरीच वर्षे स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीकडे असल्यामुळे इतरांना वेगळे मार्ग शोधावे लागले; पेटंटची मुदत संपल्यावर ती मध्यम किमतीच्या सायकलींतही सर्रास दिसू लागली. तिसरा प्रकार एक्सलभोवतीच सांधा ठेवण्याचा, जो ट्रेकच्या फ्युएल ईएक्स सायकलींत पाहायला मिळतो. चौथ्या प्रकारात मागचा सांधाच काढून टाकतात आणि स्टेची नळी किंचित लवेल अशी घडवतात. जायंटच्या स्टान्स मॉडेलमध्ये ही पद्धत आहे.

परदेशी परीक्षणांमध्ये या चारांतील फरकावर पानेच्या पाने लिहिलेली असतात. तथापि, ८२ किलोचा, उड्या न मारणारा, रविवारी फिरणारा स्वार आणि आपला लाल चिखल यांचा विचार केला, तर मी सांध्यांची संख्या आधी मोजीन आणि त्यानंतर बाकीचे पाहीन. जांभ्याची माती ओली असताना तेलासारखी पसरते आणि वाळली की पॉलिश पेपरसारखी घासते. जिथे फट आहे तिथे ती जाते.

बेअरिंगांची भीती मात्र बाळगू नये. सायकल कंपन्या ती स्वतः बनवत नाहीत. पिव्हटमधले बेअरिंग काढले की त्यावर ६९०२, ६९००, ६८०० असा क्रमांक असतो, आणि ही मापे कोणत्याही यंत्राला लागतात तीच असतात. ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८ आणि जाडीला ७ मिलिमीटर. फाउंड्री आणि लेथवर जगणाऱ्या आपल्या गावात बेअरिंगच्या दुकानांना तोटा नाही. फक्त एक काळजी घ्यावी: पिव्हटसाठी शक्यतो ‘मॅक्स’ प्रकारचे बेअरिंग मागावे. त्यात पिंजरा नसतो आणि गोळ्या जास्त असतात, कारण पिव्हट पूर्ण फिरत नाही, थोड्याशा कोनात नुसता हलतो, आणि भार ठरावीक गोळ्यांवरच येतो. ते न मिळाल्यास दोन्ही बाजूंनी रबर सील असलेले साधे बेअरिंग घेऊन त्यात ग्रीस गच्च भरावे. बसवताना हातोडा वापरू नये; आटे पाडलेला रॉड, दोन नट आणि योग्य मापाचे वॉशर यांनी सरळ ओढून बसवावे. शॉकच्या दोन टोकांचे बुश आणि स्पेसर तर उद्यमनगरातला कोणताही चांगला टर्नर नमुना पाहून काढून देईल.

टर्नरला जे जमणार नाही ते शॉकच्या पोटातले काम. म्हणून खरेदीपूर्वी फ्रेमच्या रंगाआधी शॉकचे माप पाहावे. २०१६ पासून मेट्रिक मापे रूढ झाली आहेत: १९० बाय ४५, २१० बाय ५०, २१० बाय ५५, किंवा ट्रनियन पद्धतीत (एक टोक दोन्ही बाजूंनी थेट बोल्टने धरलेले) १८५ बाय ५५ वगैरे. पहिला आकडा दोन टोकांमधील लांबी, दुसरा स्ट्रोक, म्हणजे शॉक दबण्याचे अंतर. यांपैकी माप असेल तर उद्या शॉक निकामी झाला तरी दुसऱ्या कंपनीचा बसवता येतो. माझ्या पहिल्या फुल सस्पेन्शनमध्ये एका कंपनीने स्वतःपुरतेच काढलेले विचित्र माप होते. सील गेले, तेल आले, आणि नवा शॉक मिळायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी शॉकच्या जागी ॲल्युमिनियमची भरीव पट्टी मिलिंग करून बसवली आणि लाखभराच्या फुल सस्पेन्शनची हार्डटेल करून चालवली. तिसऱ्या आठवड्यात रॉकरचा बोल्ट वाकला. हा उद्योग कोणी करू नये, हे सांगण्यासाठीच लिहिले.

सह्यवाटा

उद्यमनगरींनी यंत्राची बाजू मांडली आहे, मी वाटेची मांडतो.

१५० मिलिमीटरचा नाद सोडून द्यावा. सारख्या किमतीत जितके ट्रॅव्हल वाढते तितकी सायकल जड होते आणि तितकाच बाकीच्या भागांचा दर्जा उतरतो. आपल्या मार्गावर १५० मिलिमीटर पूर्ण वापरले जाईल असा उतार मला तरी आठवत नाही. उलट केर्लीपासून जोतिबापर्यंत ती सायकल चढवावी मात्र प्रत्येक वेळी लागेल. मागे १२० ते १३० आणि पुढे १३० ते १४० एवढे तुमच्या वर्णनाला पुरून उरते.

ट्रॅव्हलइतकीच भूमिती महत्त्वाची आहे, आणि ती फुकट असते. हेड अँगल (पुढच्या फोर्कचा जमिनीशी कोन) ६५.५ ते ६७ अंशांच्या दरम्यान असावा; त्याहून उभा असेल तर उतारावर पुढे फेकल्यासारखे होते आणि फारच आडवा असेल तर चढावर पुढचे चाक भरकटते. सीट ट्यूबचा कोन ७५ अंश किंवा अधिक असावा, कारण फुल सस्पेन्शनमध्ये चढावर बसल्यावर मागचा भाग खचतो आणि स्वार आपोआप मागे जातो. जुन्या ७३ अंशांच्या फ्रेमवर जोतिबा चढताना पुढचे चाक सारखे उचलले जाते, हा अनुभव मी घेतला आहे. ५ फूट ८ इंचाला बहुतेक कंपन्यांची मध्यम फ्रेम आणि ४४० ते ४५५ मिलिमीटरचा रीच (पॅडलच्या आसापासून हँडलच्या नळीपर्यंतचे आडवे अंतर) बरोबर बसतो. सीटपोस्ट ड्रॉपरच, म्हणजे कळ दाबून खाली जाणारी, हवी. खोगीर खाली गेल्याशिवाय मागच्या सस्पेन्शनचा उतारावर निम्मा उपयोग वाया जातो.

फोर्क स्प्रिंगचा असेल तर ती सायकल यादीतून काढावी. एअर फोर्क, नळ्यांचा व्यास ३४ किंवा ३५ मिलिमीटर, रिबाउंडची (दबून परतण्याचा वेग ठरवणारी) कळ आणि १५ बाय ११० चा थ्रू-एक्सल (चाकातून आरपार जाणारा आस) हे किमान. मागे १२ बाय १४८. या मापांची चाके पुढे कधीही बदलता येतात.

कागलची सायकलस्वार

वरच्या चर्चेत नव्या सायकलीच गृहीत धरल्या आहेत. मी दोन वर्षांपूर्वी वापरलेली फुल सस्पेन्शन घेतली. नव्यात जे मला परवडले नसते ते मिळाले, परंतु घेण्यापूर्वी चार सायकली नाकारल्या, त्याबद्दल लिहिते.

आपल्या भागात विकायला आलेली सायकल २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाण्याखाली होती का, हे विचारायला संकोच करू नये. पुराचे पाणी ओसरते, पण गाळ पिव्हटच्या आत बसतो, आणि वरून सायकल धुऊन-पुसून चकचकीत दिसते. शॉकमधली हवा सोडून देऊन त्याचा एक बोल्ट काढायला लावावा आणि मागचा त्रिकोण हाताने वर-खाली करावा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. खरखर लागली किंवा मध्येच अडकला तर सगळी बेअरिंगे बदलायची आहेत असे धरून किंमत पाडावी. मग बोल्ट लावून खोगीर धरून सायकल हळूच उचलावी. चाक जमिनीवरून सुटण्याआधी टक असा आवाज आला तर कुठेतरी ढिलेपणा आहे. फोर्क आणि शॉकच्या चकचकीत नळीवरून नख फिरवावे. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तिथून तेल येणारच. सगळ्यात शेवटी वेल्डिंगच्या कडेने बॅटरी मारून तडे पाहावेत.

आणखी एक. हलक्या वजनाच्या स्वारांनी केवळ हवा कमी केली म्हणजे झाले असे समजू नये. माझे वजन ५२ किलो आहे, आणि माझ्या आधीच्या चाचणीतल्या एका सायकलीवर रिबाउंडची कळ पूर्ण उघडली तरी शॉक सावकाश परतत होता, कारण डॅम्परची जुळणी जड स्वाराला धरून केलेली होती. धागाकर्त्यांना ८२ किलोला ही अडचण येणार नाही. पण घरातल्या इतरांसाठी कोणी वाचत असेल तर लक्षात ठेवावे.

गगनबावड्याचा पाऊस

ताईंचे पुराबाबतचे म्हणणे शंभर टक्के योग्य आहे.

मॉडेलांबद्दल: जायंट स्टान्स, मरिन रिफ्ट झोन, पॉलीगॉन सिस्किउ टी, मेरिडा वन-ट्वेंटी आणि ट्रेक फ्युएल ईएक्सची खालची श्रेणी ही नावे या गटात येतात. कोणते मॉडेल कोणत्या मापात सध्या देशात शिल्लक आहे ते विचारूनच यादी करावी, अन्यथा मन एका फ्रेमवर जडते आणि ती मिळत नाही. परदेशी परीक्षणातली डॉलरमधली किंमत रुपयांत बदलून दुकानदाराशी भांडू नये. २०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलींवरील मूळ आयात शुल्क ३० वरून ३५ टक्के झाले होते. जीएसटी मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दरपत्रकावर विसंबू नये. मागील वर्षाचा रंग असेल तर सवलत मागावी. रंगाने सायकल हळू चालत नाही.

गिअरच्या बाबतीत शिमानो डिओरचे १२ गिअर आणि मागे १०-५१ दात्यांची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) ही चढणीला उत्तम जोडी आहे, परंतु तिला मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब (कॅसेट बसते तो हबचा भाग) लागतो. शिमानोच्याच क्यूज मालिकेच्या कॅसेट मात्र जुन्या एचजी फ्रीहबवर बसतात. चिखलात सायकल चालवणाऱ्याची चेन आणि कॅसेट लवकर झिजतात, म्हणून मी आज एचजीला झुकते माप देईन.

आणि पावसाळ्यात वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल कधीही धुऊ नये. ते पाणी चिखल काढते आणि पिव्हटमधले ग्रीसही काढते. बादली, फडके, जुना ब्रश.

पाणंदवाला

सर्वांचे आभार. १५० मिलिमीटर यादीतून गेले. आता निगेबद्दल विचारतो. सर्व्हिसिंगचे वेळापत्रक प्रत्यक्षात पाळायचे म्हणजे किती खर्च आणि किती कटकट?

उद्यमनगरी

रॉकशॉक्स ही सस्पेन्शन बनवणारी कंपनी मागच्या शॉकचा एअर कॅन (हवेचा बाहेरचा डबा) आणि फोर्कचा खालचा भाग दर ५० तासांनी उघडायला सांगते. फॉक्सचे म्हणणे १२५ तास किंवा वर्षातून एकदा असे आहे. तुमची चार तासांची रविवारची फेरी धरली तर ५० तास म्हणजे बारा-तेरा रविवार. मी स्वतः जूनच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा करतो. एअर कॅनचे काम घरी होते: हवा पूर्ण सोडायची, ती पूर्ण गेल्याची दोनदा खात्री करायची, मग कॅन फिरवून काढायचा, जुने सील काढून संचातले नवे घालायचे, ठरलेले ग्रीस आणि काही थेंब तेल. हवा असताना कॅन उघडला तर तो गोळीसारखा सुटतो, हे मी गमतीने म्हणत नाही. डॅम्परमध्ये मात्र तेलाबरोबर दाबाखालचा नायट्रोजन असतो. तो भाग बाहेरगावीच पाठवावा, आणि तो शक्यतो ऐन पावसात पाठवावा, जेव्हा तसेही आपण घरी बसतो.

शॉक पंप सायकलीबरोबरच घ्यावा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे चालत नाही. शॉकमध्ये हवेची जागा मूठभर आणि दाब २०० पीएसआयच्या घरात असतो, त्यामुळे साधा पंप काढताना जी फुस्स होते तेवढ्यात सगळे गणित चुकते.

पाणंदवाला (सात आठवड्यांनंतर)

सायकल घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, धागा जाहिरातीसारखा वाटेल. मागे १२०, पुढे १३० मिलिमीटर, शॉक १९० बाय ४५, मागे एक्सलपाशी सांधा नाही, एकूण सांधे थोडे. सायकल १ लाख ७१ हजारांना पडली. हेल्मेट, पंप, ट्यूबलेसचे सामान आणि सीलचा एक संच धरून १ लाख ९० हजारांच्या आत बसलो.

सह्यवाटांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे स्वतःच्या वजनाचे पौंड करून तेवढ्या पीएसआयपासून, म्हणजे १८० पासून, सुरुवात केली. पाठीवरची पिशवी आणि पाणी घेऊन नेहमीच्या ठिकाणी बसल्यावर शॉक ११ मिलिमीटर खचला. ४५ च्या २८ टक्के म्हणजे साडेबारा हवे होते, म्हणून १६८ पर्यंत उतरवले. मसाईवरून परत आल्यावर शॉकवरचे रबरी कडे ४१ मिलिमीटरवर होते, म्हणजे चार मिलिमीटर शिल्लक. कंबर शाबूत आहे. जोतिबाच्या डांबरी चढणीला लॉकआउट (शॉक ताठ करणारी कळ) लावला तर हार्डटेलपेक्षा फार मागे पडत नाही, पाच-सहा मिनिटांचा फरक असेल, त्यातली काही वयाचीही असतील.

दोन तक्रारी आहेत. ओळीने दगड आले की तिसऱ्या-चौथ्या दगडावर मागची बाजू उसळते. दुसरी, उभे राहून पॅडल मारले तर आवाज नाही, पण बसून चढताना खालून सारखी कुरकुर येते. पिव्हट इतक्या लवकर गेले की काय, या काळजीने झोप उडाली आहे.

उद्यमनगरी

पहिली तक्रार रिबाउंडची. कळ क्लिक मोजत पूर्ण बंद करा, सध्याचा तो आकडा लिहून ठेवा, तितकीच परत उघडा, आणि तिथून दोन क्लिक सावकाशीच्या बाजूला जा. त्याहून जास्त गेलात तर उलट होईल: ओळीच्या दगडांवर शॉक परतायला वेळच मिळणार नाही आणि तो खचत जाऊन दगडासारखा टणक लागेल.

दुसऱ्या तक्रारीसाठी पिव्हटला हात लावू नका. उभे राहिल्यावर आवाज बंद होतो याचा अर्थ तो खोगिराच्या बाजूचा आहे. सीटपोस्ट काढा, नळी आतून पुसा, थोडे ग्रीस लावून परत बसवा, खोगिराच्या पट्ट्यांचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळा.

पाणंदवाला

सीटपोस्टच निघाली. आत लाल मातीचा थर होता.